बिअर्डेड ड्रॅगन आठवडाभर खातो, आठवडाभर बंद: आमच्या तात्याचं नेमकं काय बिघडत होतं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे ज्याच्याकडं हेच चाललंय त्याला लगेच कळेल. रेस्क्यू करून आणलेला मोठा बिअर्डेड ड्रॅगन (ऑस्ट्रेलियातला, इथं घरात पाळतात तो सरडा), सुरुवातीचे हाल संपलेत, अंग धरायला लागलाय, आणि एक दिवस अचानक अळीकडं बघत पण नाही. चार-सहा दिवस असंच जातात. तुम्ही काहीतरी बदलता, ट्यूब बदला, खाणं बदला, तो परत खायला लागतो, तुम्हाला वाटतं जमलं बुवा. आणि आठवडाभरानं पुन्हा तेच. आमच्याकडं हे चार वेळा झालं, चारही वेळा मी वेगळं कारण काढलं, त्यातली दोन-तीन कारणं खरी पण होती, फक्त खाणं बंद व्हायचं कारण ती नव्हती.

तात्या म्हणजे आमचा ड्रॅगन, आमच्याकडं आला गणपती झाल्यावर. सांगलीत एक कॉलेजचा पोरगा रूमवर पाळत होता, त्याला नोकरी लागली, बाहेर चालला, म्हणला नेता का नाहीतर नदीकाठी सोडतो. नदीकाठी सोडून काय होणार होतं? हे जनावर ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातलं आहे, इथल्या पावसात ते आठवडा काढत नाही, आणि काढलाच तर त्याचे रोग आपल्या सरड्यांना. तेव्हा कुणी सोडतो म्हणला तर सोडू देऊ नका, एवढं तरी करा. गेलो तर माशाच्या काचेच्या टाकीत, खाली नदीची वाळू, वर लाल बल्ब, खायला कोबी आणि मीलवर्म (खाद्य म्हणून विकतात त्या अळ्या). वजन २१२ ग्रॅम. एवढ्या लांबीचा मोठा नर साडेतीनशे-चारशेच्या पुढं पाहिजे. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूची हाडं दिसत होती, डोळे आत गेलेले, आणि खालचा जबडा बोटानं हलकेच दाबला की रबरासारखा दबायचा. मागच्या पायाची बोटं आपोआप थरथरायची. हे सगळं कॅल्शियम आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण, त्यांच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही) नसल्याचं लक्षण, मेटाबोलिक बोन डिसीज म्हणतात त्याला, हाडातलं कॅल्शियम शरीर काढून वापरतं आणि हाड मऊ पडतं.

घरी आणल्यावर शेजारपाजारचे बघायला आले. निम्म्यांना ती घोरपड वाटली. एक जण म्हणला आता दोर बांधून गडावर चढवणार काय. ह्यावर हसून सोडून देऊ नका, नीट सांगा, कारण घोरपड पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि उद्या कुणी बिअर्डेड बघून शेतातली घोरपड धरून आणायला नको. मी तर मोबाईलवर दोन्हीचे फोटो शेजारीशेजारी दाखवायचो. ह्याची दाढी काट्याची, डोकं तिकोनी, जीभ आखूड आणि जाड. घोरपडीची जीभ सापासारखी दुभागलेली.

सुरुवातीची पहिली पंधरा दिवसं काय केलं ते पटकन सांगतो. वाळू काढली, खाली पेपर. लाल बल्ब काढला, पांढऱ्या उजेडाचा १०० वॅटचा हॅलोजन लावला चिनी मातीच्या होल्डरमध्ये (प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो, आमचा एक वितळला). यूव्हीबीची लांब ट्यूब, टी-फाइव्हवाली, म्हणजे बारीक. पुण्याला एक्झॉटिकच्या (कुत्रा-मांजर सोडून वेगळ्या पाळीव प्राण्यांच्या) डॉक्टरकडं नेऊन एक्स-रे काढला, कॅल्शियमचं औषध त्यांनी वजनावर काढून दिलं. आणि उपाशी जनावराला पहिल्या दिवशी ढीगभर खायला घालायचं नसतं हे त्यांनी तीनदा बजावलं, आधी पाणी, मग दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं. दिवाळीपर्यंत तात्या २६८ ग्रॅम. जबडा कडक व्हायला लागला, थरथर गेली. आई तर म्हणायला लागली तुझ्यापेक्षा तो वेळेवर जेवतोय.

दिवाळी झाली आणि खाणं बंद.

पहिल्यांदा मी ट्यूबवर घेतलं. ट्यूब दिसायला लागलेली असते पण तिच्यातली यूव्हीबी वर्षभरात बरीच उतरते, हे खरं आहे, आणि मी स्वस्तात कुणाचीतरी वापरलेली घेतली होती. नवीन आणली, शिवाय आधी बारीक जाळीच्या वर ठेवलेली ती आत घेतली, कारण जाळी पण बरीचशी यूव्हीबी अडवते. तीन दिवसांत खायला लागला. मी खूश. ज्यांनी विचारलं त्यांना सांगून पण मोकळा झालो की ट्यूब बदला म्हणून.

दुसऱ्यांदा बंद झाला तेव्हा शी तपासली. ओळखीच्या लॅबवाल्यानं मायक्रोस्कोपखाली बघितलं, पिनवर्मची अंडी निघाली. पुण्याच्या डॉक्टरांना फोटो पाठवला, औषध लिहून घेतलं. इथं एक गोष्ट सांगतोच, गोठ्यात जंताचं औषध असतंच प्रत्येकाच्या, ते थेंबभर अंदाजानं पाजायचा मोह होतो, पाजू नका. म्हशीचा अंदाज आणि पाव किलोच्या सरड्याचा अंदाज ह्यात चूक झाली तर दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. औषध दिलं, चार दिवसांत तात्या परत खायला लागला. म्हणलं चला जंतच होते.

तिसऱ्यांदा डिसेंबर संपत आलेला. ह्यावेळी सगळ्यांनी सांगितलं अरे हिवाळा आहे, झोपेचा काळ आहे, ब्रुमेशन म्हणतात, सोड त्याला. मला पण पटलं. पण त्यात एक हिशेब बसेना. निरोगी ड्रॅगन थंडीत सुस्त पडतो, आठवडेच्या आठवडे खात नाही, तरी वजन फारसं उतरत नाही. आणि ह्याचं आठवड्यात १८ ग्रॅम उतरलं. शिवाय झोपणारा ड्रॅगन कोपऱ्यात, अंधारात, लपायच्या डब्यात जातो. हा दिवसभर बल्बखाली चिकटलेला. ज्याला झोपायचंय तो दिव्याखाली कशाला बसेल? आणि जो आधीच हाडाचा सापळा होऊन आलाय त्याला पहिल्या वर्षी झोपू द्यायचंच नसतं, त्याच्याकडं तेवढी शिल्लकच नसते.

चौथ्यांदा मी खाण्यावर घेतलं. कंटाळला असेल एकच एक खाऊन. ह्या नादात एक चांगली गोष्ट हाती लागली ती सांगतो. आमच्या भागात रेशीम करणारे आहेत, त्यांच्याकडून अळ्या आणल्या. मऊ, पाणीदार, मीलवर्मसारखं जाड कवच नाही, अशक्त जनावराला पचायला सोप्या. फक्त दोन गोष्टी बघा, अळ्यांच्या बेडवर चुना किंवा पावडर मारलेली नसेल अशा वेळच्याच घ्या, आणि शेवटच्या टप्प्यातल्या जाड्या अळ्या नको, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठं काही घालायचं नाही. दुसरं म्हणजे त्यांच्याकडचाच तुतीचा पाला. आमच्याकडं चारी बाजूला द्राक्षबागा, औषधाचे ब्लोअर रोज फिरतात, बांधावरची कोथिंबीर-मेथी पण उचलायला भीती वाटते, नाकतोडे तर अजिबात नाही. पण अळ्या चालू असताना रेशीमवाला तुतीवर औषध मारू शकत नाही, मारलं तर त्याचीच बॅच जाईल. म्हणून आमच्या भागात त्याच्या पाल्याएवढा भरवशाचा पाला दुसरा नाही. जास्वंदाची पानं-फुलं, भोपळ्याचा कीस, थोडा शेवग्याचा पाला हे पण चालतं. पालक आणि राजगिरा टाळा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि ह्या पेशंटला नेमकं कॅल्शियमच पाहिजे. आणि उन्हाळा संपता संपता सातारच्या पश्चिमेला, कोयनेकडं काजवे निघतात, पोरं बाटलीत धरून आणतात. काजवा ह्याच्या तोंडाजवळ सुद्धा नको, विषारी आहे, एक पुरतो मारायला.

तर अळ्यांवर तात्या तुटून पडला. पाच दिवस. मग बंद.

तापमान मी बघत नव्हतो असं नाही. उलट तेच मी रोज बघायचो. टेम्परेचर गन आहे माझ्याकडं, कारखान्यात वापरतात तसली (कोरोनात कपाळाला लावायची ती नको, तिची रेंज माणसाच्या तापाएवढीच असते). मी पावणेआठला सांगलीला निघतो, निघायच्या आधी बल्बखाली त्याला बसायला ठेवलेल्या फरशीच्या तुकड्यावर मारायचो, ४० दाखवायचं. संध्याकाळी साडेसहाला आलो की परत, ४१. बसायच्या जागेवर ३८ ते ४२ पाहिजे, टाकीच्या थंड टोकाला २५ च्या आसपास. बरोबरच होतं की सगळं. वहीत लिहिलेलं पण आहे, ओळीनं ४०, ४१, ४०, ४१. आता ती वही बघितली की हसू येतं, कारण मधले दहा तास त्या वहीत नाहीतच.

सापडलं ते असं. आई कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिते, त्याच चौकोनात कोपऱ्यात ती तात्यानं खाल्लं की टिंब काढायची, नाही खाल्लं की फुली. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच सुरू केलेलं. जानेवारीत एका रविवारी आप्पा कॅलेंडरसमोर उभे राहून पाण्याच्या मोटारीची पाळी बघत होते. आमच्याकडं शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी येते, आणि कुठला आठवडा कुठला हे आप्पा त्याच कॅलेंडरवर लाल पेननं खूण करतात. बघता बघता म्हणाले, "आरं, तुझा सरडा पाळीवर हाय काय?"

बघितलं तर खरंच. दिवसपाळी सुरू झाली की दोन-तीन दिवस टिंबं, मग फुल्या. रात्रपाळी आली की दोन-तीन दिवस फुल्या, मग टिंबं. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत सगळं असंच, जणू कुणी रेघ मारून दिलीय. आणि दिवाळीच्या आधी का नव्हतं, तर तेव्हा पाऊस होता, मोटारी बंद होत्या.

आमचं घर पलूस तालुक्यात, गावात नाही, मळ्यात. घर आणि मोटारी एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर), आणि आमचं घर लाईनच्या शेवटच्या टोकाला. सकाळी नऊला थ्री फेज आली की आजूबाजूच्या उसाच्या, द्राक्षाच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज बसतं. ह्याची आम्हाला इतकी सवय की फॅन हळू झाला तरी कुणी वर बघत नाही. त्या आठवड्यात सुट्टी टाकून घरी थांबलो. मोटारीच्या पेटीवरचा काटा ४१५ ला पाहिजे तो ३०० च्या आसपास, आणि घरात मल्टीमीटर लावला तर १७५. टाकीत गन मारली, सकाळी ४० दाखवणारी तीच फरशी ३३.

हॅलोजन काय, कुठल्याही तारेच्या बल्बचं असं असतं की व्होल्टेज पाव भागानं उतरलं तर उष्णता जवळजवळ एक तृतीयांश जाते. १०० वॅटचा बल्ब आम्ही दिवसभर ६५ वॅटचा करून चालवत होतो. डोळ्याला फरक एवढाच की उजेड जरा जास्त पिवळट. उन्हाळ्यात खोलीच तीसच्या वर असते म्हणून निभावून जातं, पण जानेवारीत आमच्या शहाबादी फरशीच्या खोलीत सकाळी वीसच असतात, मग ३३ च्या वर काही जात नाही.

आणि ३३ ला तो मरत नाही, हीच पंचाईत. तो बसलेला असतो, डोळे उघडे असतात, हात लावला की बघतो. फक्त पोटातलं पुढं सरकत नाही. ह्यांचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं, आतून उष्णता तयार होत नाही, अंग पस्तीसच्या आसपास गेलं तर काम होतं. पोट भरलेलं आणि भट्टी विझलेली, मग जनावर शहाण्यासारखं खाणं थांबवतं. दोन-तीन दिवस आधीचं खाल्लेलं पुरतं, म्हणून बिघाड आज झाला तर फुली दिसते तीन दिवसांनी, आणि तुम्ही दोष देता काल जे केलं त्याला. काल नवीन पाला दिला ना, मग पाल्यानंच. आणि पाळी बदलली की तीन दिवसांनी आपोआप खायला लागतो, तोवर तुम्ही जे काही केलेलं असेल त्याला श्रेय. माझी नवीन ट्यूब, जंताचं औषध, रेशमाच्या अळ्या, तिघांनी फुकटचं श्रेय घेतलं.

एक खूण समोर असून मी घालवली. आई दोनदा म्हणाली होती, "आज आ करून बसला नाही बघ." बिअर्डेड पुरता तापला की तोंड उघडून बसतो, कुत्रा जिभेनं करतो तसं जास्तीची उष्णता बाहेर टाकायला, आणि मग उठून थंड बाजूला जातो, परत येतो. अशी दिवसभर त्याची ये-जा असते. रात्रपाळीच्या आठवड्यात तात्या अकरापर्यंत आ करून, दाढी पिवळसर करून बसलेला असायचा. दिवसपाळीत दिवसभर बल्बखाली पोट टेकून, पसरून, पाठ काळपट, तोंड बंद. काळा पडतो तो उष्णता जास्त ओढायला. सकाळी उठल्या उठल्या काळा असणं बरोबर आहे, पण दुपारी एक वाजता काळा असेल आणि जागेवरनं हलत नसेल तर थर्मामीटर काय म्हणतो ते नंतर बघा, आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.

उपाय काय केला, तर माळ्यावर जुन्या फ्रीजचा स्टॅबिलायझर धूळ खात पडला होता, तो उतरवला. वायरमनकडून तपासून घेतला, बल्ब आणि यूव्हीबीची ट्यूब दोन्ही त्याच्यावर टाकली (ट्यूबची पट्टी पण कमी व्होल्टेजला फडफडत होती हे तेव्हा लक्षात आलं). आत १७५ आलं तरी बाहेर २२० च्या आसपास देतो. पहिल्या दिवसपाळीला सकाळी अकराला मी आईला फोन करून गन मारायला लावली, ३९. स्टॅबिलायझर नसेल तर मोठा बल्ब लावू का असं विचाराल, तर तसाच नको. दीडशेचा लावला आणि दुपारी मोटारी बंद पडल्या, व्होल्टेज एकदम वर गेलं, तर तीच फरशी ५० च्या पुढं जाते आणि तात्या भाजतो. मोठा बल्ब लावायचाच तर थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाच्या वर जाऊ न देणारं यंत्र) पाहिजे.

लाईट पूर्णच गेली तर? त्या दिवशी खायला घालू नका, बास. एक दिवस उपाशी राहिल्यानं मोठ्या ड्रॅगनचं काही बिघडत नाही. पोट भरून गार पडला तर बिघडतं. सकाळी लाईट येऊन दोन तास तरी तापल्याशिवाय अळी नाही, आणि दिवा बंद व्हायच्या दोन तास आधी शेवटचं खाणं, हा आमचा नियम आता आईला माझ्यापेक्षा पाठ आहे. आणि खात नाही म्हणून तोंड उघडून सिरिंजनं भरवायचं तर आधी अंग तापलेलं आहे का बघा. गार जनावराला भरवलं की ते पोटात नासतं, नाहीतर श्वासनलिकेत जातं. जबडा मऊ असेल तर भरवताना तो मोडू पण शकतो.

ऊन हा आपल्याकडं फुकटचा उपाय आहे, आणि ते सगळ्यात चांगलं, कुठलीही ट्यूब त्याच्या जवळ जात नाही. मी द्राक्षाचं प्लॅस्टिक क्रेट घेतो, वर जाळी, अर्ध्यावर पोतं टाकून सावली, सकाळी नऊ-दहाचं कोवळं ऊन वीस-पंचवीस मिनिटं. काचेची टाकी उन्हात ठेवू नका, दहा मिनिटांत ती भट्टी होते, आणि काचेतून यूव्हीबी येतच नाही म्हणजे फायदा शून्य. बसून राहा शेजारी. आमच्याकडं घार आणि मांजर दोघांनी तात्याची चौकशी केलेली आहे. शेजारच्या बागेत ब्लोअर चालू असेल त्या दिवशी बाहेर काढायचं नाही.

तुमचं घर मळ्यात नसेल, शहरात असाल, तर कारण मोटारीचं नसेल, पण शोधायची पद्धत हीच. तुम्ही घरी नसता तेव्हा टाकीत काय होतं ते मोजा. कमाल-किमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर मिळतो, त्याची वायर नेमकी बसायच्या जागेला टेकवा, काचेला चिकटवलेला गोल काटेवाला काढून टाका, तो काचेचं तापमान सांगतो. माझ्या मावसभावाकडं साताऱ्यात असंच एका ड्रॅगनचं चाललं होतं, तिथं निघालं काय, तर दुपारी झोपताना आजी डोळ्यावर उजेड येतो म्हणून बल्ब बंद करायच्या आणि चारला परत लावायच्या. महिनाभर. कुणाला पत्ता नाही.

आणि कॅलेंडरवर टिंब-फुली काढा. वजन दर रविवारी, किराणा मोजायच्या डिजिटल काट्यावर, सकाळी खायच्या आधी. फुल्या नियमानं परत येतायत असं दिसलं तर घरात, गल्लीत नियमानं काय बदलतं ते बघा. फुल्या कसल्याच नियमात बसत नसतील, किंवा तापमान चार दिवस बरोबर असून पण खात नसेल, शी पातळ-घाण वासाची असेल, शीतला पांढरा भाग पिवळा कडक असेल, मान आभाळाकडं वळत असेल, तर मग घरगुती डोकं चालवू नका, डॉक्टर गाठा.

तात्या काल ३३१ ग्रॅम भरला. कालपासून दिवसपाळी सुरू झालीय, मोटारी चालू, फॅन गरगरायच्या ऐवजी लोळतोय, माळ्यावरनं उतरवलेला स्टॅबिलायझर दर थोड्या वेळानं टक् करतोय. अकराला आईचा फोन आला, आ करून बसलाय म्हणाली, सात अळ्या खाल्ल्या आणि आठवीसाठी तिच्या बांगडीवर झडप घातली.